लायपेज

जेलरोडच्या लॅबमध्ये यामिनी बोरस्तेनं
कागद हातात ठेवला, आणि मी सवयीनं
तो आधी उजेडाला धरला.
एकतीस वर्षं नोटांच्या कारखान्यात काढली,
कुठलाही कागद आला की पाणचिन्ह बघतो.

पाणचिन्ह नव्हतं. ठळक आकडा होता, सहाशे बारा.
शेजारी बारीक अक्षरात : तेरा ते साठ.
मनात भागाकार केला.
दहाच्या वर गेला, तशी पोटातली कळ
पुन्हा पाठीतून आरपार निघाली.

डॉक्टर पिंगळे म्हणाले, काका, टेका जरा.
हे लायपेज. मिसळीवरचा तवंग फोडतं ते.
स्वादुपिंडात तयार होतं, आतड्यात कामाला जातं.
इतकं रक्तात कशाला हिंडेल?

हे मला चटकन कळलं.
आमच्याकडे संध्याकाळी गेटवर
खिसे उलटे, डबा उघडा,
पोळीची घडीसुद्धा उलगडून दाखवायची.
आत असेल तोवर माल,
बाहेर सापडला की चौकशी.

"मग हे तेरा ते साठ कसे काय सुटतात?"
"पेशी जुन्या होतात, काका. थोडं गळतंच."
आमच्या सुपरवायझरला
हे मरेपर्यंत पटलं नसतं.

"आणि दहापट म्हणजे दुखणंही दहापट?"
"नाही. तिपटीच्या वर गेलं की भोंगा वाजला समजायचं.
आग केवढी, ते भोंग्याला माहीत नसतं."

आग लावणारा सोनोग्राफीत सापडला :
पित्ताचा खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा,
नळीच्या तोंडाशी अडून बसलेला.

रात्री सलाइन लावून पडलो. तोंडातून पाणीही नाही.
स्वादुपिंड. शब्द कुणी केला असेल?
पिंड म्हटलं की मला रामकुंड दिसतं,
आईचा दहावा, दर्भ, न येणारा कावळा.
त्यात हे स्वादु कुठून शिरलं?
"तुमच्या जिभेतून," शशिकला अंधारात म्हणाली.
मला वाटलं होतं ती झोपलीय.

तिसऱ्या दिवशी मीच दंड पुढे केला :
घ्या रक्त, बघू आकडा उतरला का.
डॉक्टरांनी हात खाली ठेवला.
आकडा राहू द्या. भूक लागलीय का?

खिसे चाचपावेत तसं मी पोट चाचपलं.

तोवर शशिकलेनं डबा उघडलाच होता.
पहिल्या दिवसापासून ती ऐकत होती
लायपेज, लायपेज,
आणि घरून करून आणली होती
लाह्यांची पेज.