मोकळं नाव

कडोलीच्या स्टँडसमोर माझं दुकान.
रिचार्ज, झेरॉक्स, कोबीचं बी,
आणि हल्ली नावं.

गावात लुमाण्णा पाटील अकरा.
नवा पोस्टमन आला की महिनाभर
एकाची नोटीस दुसऱ्याच्या उशाला.
म्हणून गावानं जुनीच सोय ठेवलीय:
माणूस कुठं चुकला तेवढं धरायचं
आणि जन्मभर त्याच हाकेला ओ द्यायला लावायचं.

येरडू लुमाण्णाचं तसंच.
तालुक्याच्या कचेरीत साहेबानं विचारलं, हेसरेनु?
ह्याचं कानडी बाजारापुरतं, आकड्यांपुरतं.
ह्याला वाटलं, किती?
म्हणाला, येरडू.
बापाचं नाव? येरडू.
जमीन? येरडू.
तेवढं एक उत्तर बरोबर आलं.

त्याचं खातं काढताना लुमाण्णा टाकलं,
फोन म्हणाला, हे नाव आधीच घेतलेलं आहे.
"फोनलापण कळलं की गा, अकरा हाओत म्हणून!"
मग येरडू टाकलं. तेही गेलेलं,
गदग-हुबळीकडं कुणीतरी आधीच दोन होऊन बसलेला.
शेवटी येरडू, पुढं आणि एक दोनचा आकडा.
आता तो दोनदा दोन आहे
आणि उधारी मागायला गेलो की घरात एकदाही नसतो.

सातेरी बॅटरी.
रात्रभर रानडुकरं हाकून
तसाच भर दुपारी अक्षता टाकायला गेला,
हातातली बॅटरी चालूच.
नवरदेवाच्या तोंडावर उजेड, तेच फोटोत आलं.

गुंडू साडेतीन.
चावडीवर, देवळात, न्हाव्याकडं,
कुठंही बसला की साडेतीन एकरांवर बसायचा.
मग मोठा रस्ता आला,
दीड एकर डांबराखाली गेलं.
गाव चार दिवस गप्प होतं.
पाचव्या दिवशी कुणीतरी चहा सांगितला,
"साडेतीनला एक कट."
त्यानं मागं वळून बघितलं, आणि कप घेतला.
खात्यावर तेच नाव ठेवलंय त्यानं.
मी विचारलं नाही.
फोनमध्ये बांध अजून जिथल्या तिथं आहे.

पासवर्ड मात्र सगळ्यांचे बैलांच्या नावाचे.
पाखऱ्या, हौश्या, बाळ्या.
दावणीत ट्रॅक्टर उभा, शेण विकत आणतात,
खरं दार उघडायला अजून हौश्याच लागतो.
ते सगळे मला पाठ,
म्हणून मी पासवर्ड.
आईसुद्धा जेवायला तशीच हाक मारते.

परवा मल्लव्वा आली.
रताळी फोनवरनं विकायची म्हणते,
शहरातल्या बायका घरपोच घेतात म्हणे.
नाव काय घालू, मावशी?
ती बराच वेळ काचेतल्या कव्हरांकडं बघत राहिली.
गावात तिला कोण काय म्हणतं?
परश्याची आई. पाणंदीतली. कोळेकाराची.
मल्लव्वा हे तर ताटातल्या तांदळावर
अंगठीनं काढलेलं,
चव्वेचाळीस वर्षं झाली, ते तांदूळ कधीच शिजले.
"म्हायेरात," ती म्हणाली,
आणि बाहेर कोण ऐकत नाही ना बघितलं,
"म्हायेरात मला टिटवी म्हणायची.
रात्रीची लई बोलत होते.
हिकडं आल्यावर सासू म्हणाली, अपशकुनी हाय,
हे नाव उंबऱ्याच्या आत नको."

मी टायपलं. टिटवी रताळी.
गोल फिरलं, फिरलं.
हे नाव मोकळं आहे.
"काय म्हणालास?"
मोकळं आहे, मावशी.
"आणि एकदा वाच."

सकाळी स्टँडवर ती पोती उतरवत होती.
येरडू सायकलवरनंच ओरडला,
"ए टिटवी! कशी दिलीस रताळी?"
पोतं हातातच राहिलं.
सगळा स्टँड तिच्या तोंडाकडं.
"वीस रुपये," ती म्हणाली.
मग पोतं खाली ठेवलं, पदर खोचला,
"तुला बावीस."