आकृती दोन

रात्रपाळी संपली की मी धडा लिहायला बसते.
खोव्द, प्रांताचं इस्पितळ, तळमजला.
खिडकीच्या आतल्या अंगालाही बर्फाची साय.
जगभरच्या तातडीच्या डॉक्टरांसाठी एक ग्रंथालय आहे,
विटांचं नव्हे, कुणीही कुठूनही उघडावं, फुकट शिकावं.
धुराच्या विषबाधेवर त्यांना एक केस हवी होती.
माझ्याकडे होती.

रुग्ण: पुरुष, वय एकोणीस.
दोल्गोन हे नाव मी खोडलं. नियम आहे.
ईसीजीच्या पट्टीवरून खोडलं, एक्स-रेच्या कोपऱ्यातून खोडलं,
तारीख खोडली, गाव खोडलं.
उरलं उणे अडतीस तापमान
आणि डोकेदुखी.

आई आणि मुलगा, दोघंही ओकत होते.
मी म्हटलं, मटण.
बोटाला चिमटा लावला. यंत्र म्हणालं, अठ्ठ्याण्णव.
यंत्राला फक्त लाल कळतं.
त्या लालात प्राणवायू बसलाय की कोळशाचा वायू,
ते त्याला ओळखता येत नाही.
हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं,
पैकीच्या पैकी गुण.
पहाटे चारला माहीत असणं
ही निराळी विद्या आहे.

मसुद्यावर शेरा आला, हॅलिफॅक्सहून, फार सभ्य:
‘मी त्यांना घरी पाठवलं’ याऐवजी
‘रुग्णांना घरी सोडण्यात आलं’ असं करू या का?
आमची तशी पद्धत आहे.

सोडण्यात आलं.
म्हणजे दार आपसूक उघडलं,
जीप आपसूक सुरू झाली,
चुलीत कोळसा आपसूक पडला.
मी उलट टपाली लिहिलं: नको. राहू द्या ‘मी’.

वसंतात परवानगीचा कागद घेऊन गोंचिगकडे गेले.
बाप. त्या रात्री कळपाबरोबर डोंगरापलीकडे होता,
म्हणून आहे.
बायको वाचली, पण ती आता तंबूत झोपत नाही,
धाकट्या बहिणीकडे गेली आहे, सिमेंटच्या घरात.
त्यानं खारट चहा ओतला. कागद उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर गेर काढलं:
लोकरीचा गोल तंबू, दार दक्षिणेला,
मधे चूल, माथ्यावर भोक,
भोकावर ओढलेलं झाकण.
‘वारा होता. ओढून घेतलं असणार. हे लिही.’
मग म्हणाला, ‘नाव येणार त्याचं?’
नाही, मी म्हटलं.
‘मग घोड्याचा रंग तरी घाल. कुमैत होता.’

घोडा.
तेव्हा कानात परत आलं ते.
‘घोड्याकडे बघायला बाहेर गेलो की डोकं उतरतं,’
असं मुलगा म्हणाला होता, बूट चढवता चढवता.
मी ऐकलं होतं. टिपून घेतलं नव्हतं.
अख्खा धडा त्या एका वाक्यात होता
आणि मी बघत होते त्याची जीभ.

तर आता धड्यात एक घोडा आहे.
प्रश्न तिसरा: रुग्णाला पुढचं काय विचाराल?
(अ) काल काय जेवलात
(ब) ताप आहे का
(क) बाहेर पडलात की बरं वाटतं का
(ड) वरीलपैकी काहीच नाही.
मी त्या रात्री ‘अ’ निवडला होता. तेही खाली लिहिलंय.
हॅलिफॅक्सनं विचारलं, घोड्याच्या रंगाची गरज आहे का?
हो.

परवानगीवर सही घ्यायची राहूनच गेली होती.
पुन्हा गेले, नव्वद किलोमीटर, अर्धी वाट चिखल.
फोनवर धडा उघडून त्याला वाचून दाखवला,
आमच्या भाषेत, अडखळत; औषधांच्या नावांवर
तो उगाच मान हलवत होता.
कुमैतवर काही बोलला नाही.
आकृती दोनपाशी मात्र त्यानं बोट ठेवलं,
बराच वेळ, काच धुरकटेपर्यंत.

‘चूल चुकली,’ म्हणाला.
‘माझ्याच हातून चुकली. मुलाचं अंथरूण इथं.
चूल याहून दोन वीत डावीकडे.’

आज पहाटे बदल पाठवला.
आवृत्ती दुसरी.
दुरुस्ती: चूल, दोन वीत डावीकडे.