हजार दाणे

कॉलेजच्या गच्चीवर, विजापूर रोडला,
चोवीस कुंड्या गव्हाच्या.
आठांना पालाश पूर्ण, आठांना अर्धा,
आठांना नाही.

नाही म्हणजे नाहीच.
इथल्या काळ्या रानात तो न मागता मिळतो,
म्हणून तर सीनेची वाळू आणली, आम्लात धुतली,
उसनवारीला जागाच नको.

पाचव्या आठवड्यात खालची पानं
कडेनं करपली. मधली शीर हिरवी, काठ तांबूस,
जणू इस्त्री जरा जास्त वेळ टेकली.
शेंड्याचं पान मात्र टवटवीत.
म्हातारं पान आपल्यातला काढून वर धाडतं,
हे पुस्तकात होतं.
बघताना मी चष्मा पुसला.

फेब्रुवारीत एका दुपारी वारा सुटला,
आठ कुंड्या आडव्या.
बाकीच्या वाकल्या, सावरल्या.

मळणी हातानंच. दाणे घरी आणले,
शंभराचे दहा ढीग.
समोर आईचं सूप, तेंदूपानं, तंबाखू.
तिचा हजार रात्री आठला पुरा होतो,
पंचवीसच्या कट्ट्यांत.

माझा पहिला हजार एकेचाळीस ग्रॅम,
उपाशी कुंड्यांचा एकोणतीस.
'हजार तर दोन्हीकडे हजारच की,' आई तेलुगूत म्हणाली.
मग चिमूटभर उचलून बोटांत फिरवले.
'हं. हे हलके भरलेत.
कारखान्यात छाट काढतील.'

नोंदवहीत, शेरा या रकान्यात,
मी तेवढंच लिहिलं: छाट.
सरांनी लाल पेन उघडलं,
थोडा वेळ धरलं,
आणि मिटलं.