चेरीची बी

ट्रॅव्हर्स सिटीत साडेआठ वाजलेत,
जुलै आहे, ऊन अजून खिडकीतून हललेलं नाही.
वेंडेलचा ट्रक नेब्रास्कात, डिझेलच्या रांगेत,
आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून
तो स्वतःच्या सिंकखाली वाकलाय
आठशे मैलांवरून.

"आवाज कसला येतोय? नीट ऐक."
"गुरगुरतंय. फिरत नाही."
"मग जीव आहे त्यात.
बटण बंद कर. आता खाली बस, प्लग काढ.
बटण बंद म्हणजे बंद नव्हे, डेलिया.
प्लग हातात दिसला, की बंद."

डेलिया चौदा वर्षांची.
कपाटातून ती बाहेर काढते
साबणाचा डबा, ताठ झालेला स्पंज,
कधीतरी हरवलेली भोपळा कोरायची सुरी.
मागे अंधारात लोंबकळतंय ते यंत्र,
लोखंडी जठर, घरातलं सगळं मुकाट गिळणारं.

"हात घालू?"
"नाही."
तो इतक्या मोठ्यांदा म्हणतो
की पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकतं.
"हात कधीच नाही. प्लग काढलेला असला तरी नाही.
आत पाती नसतात, लोकांना वाटतं तशी.
दोन बोथट ठोसे असतात, फिरत फिरत मारणारे.
त्यांच्याआड काहीतरी अडकलंय, एवढंच.
बुडाशी मधोमध भोक आहे, बोटाने चाचप.
पाना तिथेच, दाराच्या आतून चिकटवलाय."

निळ्या टेपखाली पाना सापडतो.
टेपवर त्याच्या अक्षरात: इथेच ठेवणे.

"आई कुठेय?"
"झोपली. डोकं दुखतंय म्हणाली."
"साडेआठला."
"हो."

रांग एका ट्रकने पुढे सरकते.

"पाना घाल. डावीकडे रेट, मग उजवीकडे.
चिडू नकोस त्याच्यावर. पुढे मागे, पुढे मागे,
बर्फात रुतलेलं चाक काढतो तसं."
ती रेटते. मनगट दुखतं.
काहीतरी कचकन सुटतं,
आणि पाना अख्खा वर्तुळ फिरतो, लोण्यातून फिरावा तसा.

"आता वरून टॉर्च मार. चिमट्याने काढ."

चिमटा दोनदा निसटतो.
तिसऱ्यांदा वर येतं ते
बाटलीचं झाकण. कडा दुमडलेली,
सोनेरी अक्षरं अर्धी खरवडलेली.
चिमट्यातून सुटून ते सिंकमध्ये पडतं.

"काय होतं?"

खिडकीतल्या टोपलीत चेरी आहेत,
मिसेस ओस्टरहाउसच्या बागेतल्या, सकाळीच आलेल्या.
डेलिया त्यांच्याकडे बघते.
"चेरीची बी."

अठ्ठावीस वर्षं
इंजिनाच्या नुसत्या खोकल्यावरून
कुठला स्क्रू ढिला ते सांगणारा माणूस.
बी स्टीलवर पडली तर टक् होतं.
हे टिंग झालं होतं.

मागचा ट्रक हॉर्न देतो.
"किती होत्या?"
"एकच."
"बरं."

मग तो भराभर बोलत सुटतो,
गप्प बसता येऊ नये म्हणून माणूस बोलतो तसा:
खाली लाल बटण असेल, ते दाब, मग प्लग लाव,
आधी गार पाणी सोड, मग चालू कर,
थांबल्यावरही पाणी वीसपर्यंत वाहू दे,
तूप-चरबी ओतू नकोस, आत जाऊन मेणासारखी थिजते,
बटाट्याच्या साली नकोत, सेलरीचे दोरे नकोत,
हाडं तर नकोतच,
आणि बिया...

बिया तो तिथेच सोडतो.

"...बिया बाहेरच वेचायच्या.
दिसल्या की मला सांगायचं. लगेच. रात्री सुद्धा."

"सांगेन," ती म्हणते.
झाकण जीन्सच्या खिशात जातं.
बसल्यावर मांडीला टोचेल, ठाऊक आहे तिला.

पाणी सोडते. बटण दाबते.
यंत्र धडधडत फिरायला लागतं, मोकळ्या पोटाने.
ती मोजत नाही, तो मोजत असावा,
आठशे मैलांवर, गाडी पुढे न घेता.
वीस केव्हाच होऊन गेलेत.
फोन कुणीच ठेवलेला नाही.