दोनशे फुटांवरचं पाणी

ग्रिम्स्बीत रस्ता चुकायची सोय नाही.
कुठूनही मान वर करा, तो आहेच:
विटांचा, सडपातळ, तीनशे फूट,
डोक्यावर आणखी एक छोटं डोकं.
कुठल्याशा इटालियन मनोऱ्याची नक्कल म्हणतात.
इतका थाट, आणि पोटात काय?
एक टाकी.

माझे पणजोबा एबेनेझर स्टॅमर्स,
त्यांचं काम पाणी वर राखायचं.
राखायचं म्हणजे पातळी बघायची, सांधे चाचपायचे,
गळती दिसली की चिंधी, शिसं, शिव्या.
बाकीचं पाणी आपलं आपण करायचं
नुसतं उंचावर राहून.

खाली झडपेचा दांडा वीतभर फिरला
की गोदीची ती अजस्र दारं
गाईनं मान वळवावी तशी वळायची
आणि बाल्टिकचं लाकूड आत यायचं,
अजून डिंकाचा वास असलेलं.
मनोरा जागचा हलायचा नाही.
घरातही असं एक माणूस लागतं,
पणजी म्हणायची म्हणे.
कोण ते तिनं कधी सांगितलं नाही,
भांडी तेवढी जोरात ठेवायची.

पाया कापसाच्या गाठींवर आहे, अशी गावात वदंता.
चिखलात दुसरं काही टिकेना म्हणून.
खरं-खोटं देव जाणे, मला पटतं.
इथली बरीच घरं कुठल्यातरी मऊ गोष्टीवर उभी असतात.
आमचं उभं होतं हॅडकच्या पगारावर
आणि ‘मंगळवारी येतो’ या क्लिफच्या वाक्यावर.

मग शेजारी धाकटा बांधला.
बुटका, जाडा, बुरुजासारखा.
त्याला उंची नकोच होती,
छातीवर वजन घेऊन तो पाणी दाबायचा.
जोर जास्तच.
एबेनेझर आठवडाभर त्याच्याकडे बघत राहिले,
मेंढपाळानं इंजिनाकडे बघावं तसे.
मग निरोप आला, टाकी रिकामी करा.
त्यांनी पाणी सोडलं.
टाकीतलं आधी,
मग एकेक करून बाकीच्या गोष्टींवर.

क्लिफ सांगायचा, हंबरच्या तोंडाशी आलो
की आधी मनोरा दिसतो,
मग आईच्या घराचं धुराडं, मग तू.
या क्रमानं. मी चिडायची.
फेब्रुवारीत आइसलँडच्या वर कुठंतरी
दोरखंडांवर बर्फ चढत गेला, बोट वजनानं कलली.
एवढंच कळलं. तेही कंपनीच्या कारकुनाकडून,
टोपी हातात धरून, पायपुसण्यावर उभ्या उभ्या.
मी त्याला चहा विचारला.

बायका म्हणाल्या, मॉरीन, मोकळी हो.
नाही झाले. वर ठेवलं.
सांडलं असतं तर फरशी ओली झाली असती, आणखी काय?
वर राहिलं म्हणून
तीन पोरांचे बूट आले, कोळसा आला,
सदतीस वर्षं पहाटे पाचला सुरी चालली
बर्फातल्या माशांच्या पाठीवरून.
कुणात किती पाणी आहे ते
खाली दारं उघडतात तेव्हाच कळतं.

परवा एका रविवारी मनोरा लोकांसाठी उघडला.
गुडघ्यांना विचारलं नाही, चढले.
बरोबरचा पोरगा बॅटरी दाखवत म्हणाला,
आजी, सांभाळून, आणि काही नाही हो वर, रिकामं आहे.
म्हटलं, माहितीये. कुणी केलं तेही माहितीये.
कबुतरांची विष्ठा, गार वारा,
आणि फटीतून एवढीशी राखाडी नदी,
जिच्यावर त्या वेळी एकही बोट नव्हती.
भिंतीलगत एक जाड नळ उरला होता.
सांध्यात बोट घातलं तर चिंधी लागली,
ठासून बसवलेली, लाकडासारखी कडक.
कोरडी.

पोरगा म्हणाला, काढू का, आठवण म्हणून न्या.
मी म्हटलं, राहू दे.
काय सांगावं.