मोडीच्या भावाने

त्या हिवाळ्यात कारखान्याने पगार दिला
तो गजराच्या घड्याळांत.
आईला चाळीस नग, दोन खोकी,
रजिस्टरात सही.
समोरच्या उस्तिन्याला सदतीस;
तिचे तीन दिवस खाडे.

आधी आम्ही ती स्टेशनावर विकली.
मॉस्कोची गाडी थांबायची चार मिनिटं
आणि फलाटावर अख्खं गाव,
कोटाच्या आत, कोटाच्या बाहेर घड्याळं,
प्रत्येकाची वेळ वेगळी.
उतारू खिडकीतून बघायचे.
एकाने विचारलं, खायला काही आहे का.
नऊ गेली. एकतीस उरली.

मग साव्हेली आला, नदीपलीकडचा भंगारवाला,
घसरगाडीला वजनकाटा बांधून.
घड्याळ नको, म्हणाला,
पितळ असेल तर बोला.

स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर जुनं वर्तमानपत्र.
आईने आधी प्रत्येकाची कमान उतरवली
चावी चिमटीत धरून, थोडी थोडी,
बिथरलेल्या जनावराला थोपटावं तशी.
"नाहीतर डोळ्यात जाईल."
मग काच. मग काटे.
मग चार नट, वरची पट्टी,
आणि आतली चाकं
एकमेकांच्या दात्यांतून सुटून
आपसूक कलंडायची.

माझं काम लोहचुंबकाचं.
चिकटलं ते पोलाद, पत्र्याच्या डब्यात.
हललंही नाही ते पितळ.
काही पट्ट्या वरून पिवळ्याधमक आणि तरी चिकटायच्या,
अलीकडच्या वर्षांतल्या,
कारखाना काटकसरीला लागला तेव्हाच्या.
त्यांचं पितळ उघडं पडायचं,
म्हणजे ते नव्हतंच, हे उघडं पडायचं.
"आम्हाला सांगितलंसुद्धा नाही," आई म्हणाली,
आणि पुढचं घड्याळ ओढलं.

चाकाच्या मधोमध पोलादी आस.
ती ठोकून काढावी लागते,
साव्हेली मिसळीचा माल घेत नाही.
आईची एकोणीस वर्षं
हेच आस बसवण्यात गेली होती.
बसवताना भिंग लागायचं, श्वास धरावा लागायचा.
काढायला खिळा आणि हातोडी पुरली.
बोटांना उलटा क्रम शिकवावा लागला नाही.
ती माझ्याशी बोलत होती, बटाटे उकळले का बघ म्हणत होती,
आणि बोटं एकेक वर्ष मागे जात होती.

तेविसाव्या घड्याळाशी ती थांबली.
पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी कधी बघणार नाही,
सुईने कोरलेला एक बारीक मासा.
रौशानिया. तपासणीच्या टेबलावरची.
एखादं यंत्र तिला मनापासून आवडलं
की ती मासा कोरायची.
नियमात बसत नव्हतं.
दोन वर्षांपूर्वी काझानला लेकीकडे गेली;
पत्र येईल म्हणाली होती.

आईने पट्टी तळहातावर तोलली.
"वीस ग्रॅम," म्हणाली,
आणि ढिगात टाकली.
मला वाटलं होतं, ठेवून घेईल.

दिवसभर काटे काढले
आणि संध्याकाळी काट्यावर आलो.
दोन किलोला चाळीस ग्रॅम कमी.
साव्हेलीने कानशीने दोन तुकडे घासले,
आतला पिवळा रंग दिव्याकडे धरून पाहिला,
पोत्यात ओतलं.
आवाज नाण्यांसारखा झाला. नाणी मात्र मोजकीच आली:
पीठ, तेल, माझ्या बुटांना नवे तळवे.
आईच्या बोटांचा पितळी वास
तीन दिवस पावाला येत होता.

पोलादाला भाव नव्हता.
कमानींचा डबा राहिला माझ्या पलंगाखाली.
उतरवलेल्या होत्या सगळ्या, तरी
पूर्ण उतरत नसाव्यात.
रात्री कधीतरी, थंडी फार वाढली की,
एखादी डब्यात कूस बदलायची.
टण्ण.

आणि पलीकडच्या पलंगावरून
आईचा हात झोपेतच बाहेर यायचा
आणि अंधारात चाचपायचा,
उशाशी, जिथे आता काहीच नव्हतं,
गजर बंद करायला.