मांडणी

निवतीला, बंदराच्या वरच्या अंगाला, मेतरांचं घर.
सीन साधा: दिवेलागण, नटी चुलीपुढं,
तिला अजून बातमी कळायची आहे.
कसली, मला ठाऊक नव्हतं.
मला दिसत होती तिच्या पाठीमागची मांडणी,
पितळेची अडतीस भांडी
आणि प्रत्येकात माझा दिवा.

आठवड्यापूर्वी बघून गेलो तेव्हा ती धुरकट होती,
घराच्या अंगाची.
भागीरथीबाईंनी रात्र जागून
चिंच, राख, नारळाची शेंडी लावून
त्यांचे आरसे केले.
शूटिंग आसा, लोक बघतले.

"केरबा, मागचं मार," कॅमेरामन म्हणाला.
दिवा डावीकडं नेला,
तर चमक परातीवरून उडी मारून कळशीवर बसली.
ताटांच्या पाठीला काडेपेटीची टोपणं खुपसली,
ताटं पाया पडल्यासारखी वाकली, गप्प झाली.
पण हंड्याला कुठला कोन?
हंडा सगळीकडं बघतो.
त्याच्यापुढं काळं फडकं धरा,
फडकं दिसतं, धरणाराही दिसतो.
वर खिडकीच्या फटीतून समुद्र,
कुणी न बोलावलेला रिफ्लेक्टर,
वाशांवर हलत बसलेला.

स्प्रे संपला होता. कुडाळहून यायला दोन तास.
मी तांदळाचं पीठ मागितलं,
ओल्या फडक्यानं भांडी पुसायला,
म्हणजे मळवायला, घेतली.

"रातभर घासलंय मी."
एवढंच. दारातून.
मग आत आल्या, फडकं ओढून घेतलं.
"तुका जमाचा नाय. घावण्यापेक्षा पातळ होया."
आणि हंड्यावरून, कळशांवरून
आपल्याच हातानं आपली रात्र पुसत गेल्या.
कोपऱ्यातल्या तांब्याशी थांबल्या.
"ह्यो रवांदे."
मी काही बोललो नाही.

टेक झाला. नटीला कळलं.
मांडणी मागं अशी बसली होती
जशी घरातली माणसं बसतात,
ऐकून न ऐकल्यासारखी.
तांब्यात तेवढा वाटाण्याएवढा उजेड,
उजेडाशेजारी तिळाएवढं काळं काहीतरी.
मी हात हलवला,
तेही हललं.
कॅमेरामननं बघितलं असणार. कट म्हणाला नाही.

पॅकअपला विहिरीवर हात धुतले,
नखांत पीठ वाळलेलं.
मागच्या पडवीत बाई
चिंच भिजत घालत होत्या.